पंख्यांच्या खोलीतले कानसेन

टेलिफोन एक्स्चेंजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत शिरण्याआधी चपला काढाव्या लागत आणि शिरल्यावर ओरडावे लागे. चपला धुळीसाठी, ओरडणे पंख्यांमुळे. आत माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटे रांगेने उभी होती आणि प्रत्येक कपाटात एकावर एक चासी बसवलेल्या होत्या. चासी म्हणजे समोरून उघडी अशी पेटी. फडताळात पुस्तके उभी लावावीत तशी तिच्यात कार्डे सरकवलेली असत. एकेका कार्डावर काही गल्ल्यांचे फोन आणि इंटरनेट. मधोमध कारभारी कार्डे दोन. एक काम बघे, दुसरे पहिले पडण्याची वाट बघे. विजेच्या वाटाही दोन, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. आणि सर्वांत खाली पंख्यांचा ट्रे. तो खालची गार हवा ओढून कार्डांच्या फटींतून वर ढकलत राही. त्या हवेवर सगळा संसार चालला होता.

चासीची खुबी अशी की तिच्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट चालू असताना बदलता येते. कार्ड ओढा, दुसरे बसवा. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. पंख्यांचा ट्रेसुद्धा झटकन काढून दुसरा घालता येतो. बदलता येत नाही ती फक्त पाठ. मागच्या बाजूला जो मोठा बोर्ड असतो, ज्यात सगळी कार्डे रुततात, त्याला तिथले लोक पाठ म्हणत. पाठ गेली की चासी गेली.

या खोलीचा कारभार ज्यांच्याकडे होता त्यांना सगळे कानसेन म्हणत. खरे नाव हजेरीपटापुरते उरले होते. तरुणपणी त्यांनी हे नाव कमावले होते ते असे: सकाळी दारात उभे राहून ते डावा हात वर करत. खोलीतली माणसे बोलता बोलता थांबत. कानसेन डोळे मिटून थोडा वेळ ऐकत आणि म्हणत, "तिसरी चासी. उजवीकडून दुसरा पंखा. महिनाभर काढेल." तो पंखा महिन्याभराने अडखळायला लागे. वरून येणारे अधिकारीही हा प्रकार पाहायला थांबत. खालच्या मजल्यावरचा बॅटरीवाला, ज्याच्या ताब्यात वीज गेल्यावर एक्स्चेंज चालवणाऱ्या बॅटऱ्या होत्या, म्हणे, "यांना मुलगी बघायला नेलं असतं तर हात वर करून सांगितलं असतं, घोरते."

ऐकू येणे कमी होत गेले ते वरच्या पट्टीपासून. आधी मनगटी घड्याळाचा गजर गेला. मग दाराची घंटा. मग पंख्यांच्या घरघरीवर जी एक बारीक शिटी असते ती गेली. इतकी वर्षे रोज त्या आवाजात बसल्यावर दुसरे काही होण्यासारखे नव्हते, पण कानसेनांनी ते कोणाला सांगितले नाही. सांगण्याची गरजही पडली नाही. त्या खोलीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत असे. जिथे सगळेच ओरडतात तिथे बहिरा माणूस ओळखू येत नाही. जगात तेवढी एकच जागा होती जिथे ते इतरांसारखे होते.

हात वर करणे त्यांनी सोडले नाही. फक्त त्यात एक भर घातली. हात वर करून झाला की ते पुढे जात आणि प्रत्येक ट्रेच्या कडेवर उजवा तळवा ठेवत. बिघडणारा पंखा आधी थरथरतो, आणि ती थरथर तळव्याला कळते. लोकांना वाटले, कानसेनांची विद्या आणखी वाढली.

घरी दोघेच. पत्नी पडदे शिवून देत. आवाज असा की जिन्यावरून गिऱ्हाइकाला हाक मारली तर समोरच्या इमारतीतले दोघे-तिघे वळून बघत. मग पत्नीचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तो हाताला होतो एवढेच घरात ठाऊक होते. तो आवाजालाही होतो हे पुढे कळले. आवाज हळूहळू बसत गेला, जसा एखादा माणूस बोलता बोलता दुसऱ्या खोलीत निघून जातो. म्हणजे एकाच्या कानाची आणि दुसरीच्या आवाजाची उतरण एकाच सुमाराला सुरू झाली.

संध्याकाळी त्या काहीतरी सांगत आणि कानसेन "हो" म्हणत. "हो" हे त्यांचे ठरलेले उत्तर होते. धाकटी मेहुणी रोज मदतीला येई. तिच्या जिभेला हाड नव्हते. ती ओरडून म्हणे, "भावजी, ताई आत्ता म्हणाली चहात माशी पडलीय. तुम्ही हो म्हणालात आणि प्यायलात."

"गोड होता," कानसेन म्हणत.

फोनवर मात्र त्यांना ऐकू येई. त्याला कारणे होती. पंख्यांच्या खोलीच्या टोकाला काचेची एक केबिन होती आणि तिथल्या टेबलावरच्या जुन्या फोनला आवाज वाढवायची चकती होती. रिसीव्हर कानामागच्या हाडावर दाबून धरता येई. आणि घरची लाइन त्यांनी स्वतः जोडली होती: तिसरी चासी, कडेचे कार्ड, पहिली जागा. त्या तारेवर खरखर म्हणून नव्हती. पत्नीजवळ मोठ्या बटणांचा फोन होता. थरथरत्या बोटालाही तो चुकत नसे. त्या तोंड अगदी जवळ नेऊन बोलत आणि इकडे चकती शेवटपर्यंत फिरवलेली असे. दुपारच्या जेवणानंतर रोज फोन येई. घरातले सगळे बोलणे तेव्हा होई. संध्याकाळी दोघे समोरासमोर बसून गप्प जेवत. मेहुणी म्हणे, "लग्नाआधी लोक असं चोरून बोलतात. तुमचं उलटंच."

"जेवलात?" पत्नी विचारत.

"आत्ताच. भाजीत मीठ नव्हतं."

"काल रात्री सांगितलं होतं, मीठ घातलेलं नाही, वरून घ्या. हो म्हणालात."

"म्हणालो असेन."

"परवा मी म्हटलं, मी दुसरं लग्न करते."

"मग?"

"त्यालाही हो म्हणालात."

"बघूनच केलं असशील ना पसंत."

त्या हसत. हसू फोनवर फार स्पष्ट येई. मग त्या मुद्द्यावर येत. "कान दाखवा एकदा डॉक्टरांना."

"अगं, दाखवले की कागदावर येतं. कागदावर आलं की मला या खोलीतून उचलून खाली नेतील."

"नेऊ देत. खुर्ची मिळेल."

"खुर्ची मिळेल, पण हा फोन मिळेल का? दुपारचं हे कुठून करायचं?"

यावर त्या म्हणत, "बरं. मग पुढच्या महिन्यात बघू." तो पुढचा महिना दोघांनी मिळून बराच काळ पुढे ढकलला.

आता त्या एक्स्चेंजची एक रीत सांगायला हवी. चासीत काही बिघडले की एक लाल दिवा लागतो आणि बझर वाजतो. तिसऱ्या चासीची दुसरी वीजवाट केव्हापासून बंद होती. तिच्यामागचे यंत्र दुरुस्तीला गेले ते परत आलेच नाही. त्यामुळे तिचा लाल दिवा कायम जळत असे आणि बझर कायम वाजला असता. म्हणून बझर बंद करून ठेवला होता. नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवत ते हेच: तो दिवा बघायचा नाही. मुख्य कार्यालयातल्या पडद्यावरही ही चासी लालच दिसे, आणि तिथल्या लोकांनाही पहिल्या दिवशी तेच शिकवलेले असावे. दिवा नको, बझर नको, कारण कानसेन होते.

त्या उन्हाळ्यात तिसऱ्या चासीच्या ट्रेमध्ये थरथर आली. तळव्याला नीट कळत होती. कानसेनांनी नवा ट्रे मागितला. ती चासी बनवणाऱ्या कंपनीने तो प्रकारच बंद केला होता. दुसऱ्या एक्स्चेंजमधून जुना मिळतो का ते बघू, असे उत्तर आले. ते रोज तळवा ठेवत. थरथर वाढत होती. मग एका सकाळी त्यांनी तळवा ठेवला आणि ट्रे शांत लागला. गुळगुळीत, नवा असल्यासारखा. त्यांनी पुन्हा ठेवून पाहिला.

"रुळला," ते बॅटरीवाल्याच्या कानाशी ओरडले. "छान चाललाय."

पंखा रुळला नव्हता, अडकून थांबला होता. थांबलेला पंखा थरथरत नाही. त्याच्या शेजारचाही बंद पडला होता. उरलेले पंखे त्यांची कसर भरून काढायला जास्त जोराने फिरत होते, आणि जोराने फिरणारा पंखा बारीक शिटी मारतो. ती शिटी खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ऐकू येत होती. बॅटरीवाल्यालाही आली. पण कानसेनांनी तळवा ठेवून "छान" म्हटले होते, तेव्हा ती शिटी छानच असणार.

चार-दोन दिवस असेच गेले. मग एका दुपारी जेवण झाल्यावर फोन आला. पत्नीचा आवाज त्या दिवशी बरा होता. शेजारच्या बाईंनी पडद्याचे कापड परत पाठवले होते, रंग उडाला म्हणून, त्याची कथा झाली. नंतर त्या म्हणाल्या, "बरं, ऐका, एक सांगायचं राहिलं," आणि रिसीव्हर मुका झाला.

कानसेनांना वाटले, कान गेला.

काचेपलीकडे चासीवरचे हिरवे दिवे एकेक करून विझत होते, पण त्यांची पाठ काचेकडे होती. ते रिसीव्हर हाडावर दाबून बसले. "मोठ्याने बोल," म्हणाले. चकती आधीच शेवटाला होती. त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, परत पहिल्याला लावला. फोनवाल्या माणसाला लाइन तुटल्याचा संशय आधी यायला हवा. सगळी हयात तेच काम केलेले. पण ज्या गोष्टीची भीती रोज उशाशी घेऊन माणूस झोपतो, तीच आली असे त्याला प्रथम वाटते. "अगं, बोल ना," ते म्हणत राहिले. बॅटरीवाल्याने केबिनचे दार उघडून त्यांचा खांदा धरला तेव्हा खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास भरला होता.

दोघांनी मिळून चासीची वीज तोडली. ट्रे ओढून काढला. दोन पंखे बोटानेही फिरेनात, जाळी धुळीने बुजलेली. कार्डे हाताला चटका देत होती. मधले कारभारी कार्ड काढल्यावर मागे टॉर्च धरला. पाठीवर जिथे वीज येते तिथला भाग काळा पडून फुगला होता. बॅटरीवाल्याने तो पाहिला आणि टॉर्च विझवला.

चौकशीला विभागाच्या मॅडम आल्या. वयाने लहान, बोलणे नेमके. खोलीतल्या आवाजामुळे त्यांनी सगळ्यांना खाली बैठकीच्या शांत खोलीत बसवले.

"बझर कोणी बंद केला?"

"असा कोणी केला नाही," बॅटरीवाला म्हणाला. "तो बंदच असतो."

"ट्रे शेवटचा कोणी तपासला?"

प्रश्न दोनदा विचारावा लागला. बॅटरीवाल्याने कोपराने ढोसल्यावर कानसेन म्हणाले, "मी."

"कसा तपासला?"

त्यांनी उजवा तळवा पुढे केला.

मॅडम तळव्याकडे बघत राहिल्या. "शिटी येत होती, असं यांनी सांगितलंय. तुम्हाला ऐकू आली नाही?"

या वेळी त्यांनी ओठांवरून प्रश्न ओळखला असावा. "मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "बरीच वर्षं झाली."

मॅडमनी लिहिणे थांबवले. बॅटरीवाला कानसेनांकडे वळून ओरडला, "म्हणजे तुम्ही हात वर केला की आम्ही सगळे गप्प बसायचो, ते उगाच?"

"उगाच."

"एकदा तर मी शिंक दाबली होती," बॅटरीवाला म्हणाला. तो हसायला लागला आणि मग उठून बाहेर गेला.

तिसरी चासी परत उभी राहिली नाही. तशी पाठ कुठे बनत नव्हती, आणि तांब्याच्या तारांसाठी नवे काही आणायचे नाही असे वर ठरलेच होते. तिच्यावरच्या घरांना बिनतारी फोन देण्यात आले. बाकीच्या चासींमध्ये थोड्या मोकळ्या जागा होत्या. त्या दवाखान्याला आणि अग्निशमन केंद्राला मिळाल्या. कानसेनांना हलवण्याचा कागद अजून निघायचा होता, त्यामुळे त्या तारा त्यांनीच जोडल्या. शेवटी एक जागा उरली. त्यांनी तिच्यात एका वृद्धाश्रमाची तार घातली. स्वतःची घालण्याचे मनात आले होते, हे त्यांनी पुढे मेहुणीजवळ कबूल केले.

"मग घातली का नाही?" ती म्हणाली. "कोण बघायला येणार होतं?"

"कोणी नाही. पण ट्रे मी बघितला होता ना."

त्यानंतर ते तळमजल्यावर सामानाच्या कोठारात गेले. तिथे इतकी शांतता होती की कोणी काही विचारले की लगेच उघडे पडायला होई. बिनतारी फोनवर दोघांनी प्रयत्न करून पाहिला. तो फोन हलका आवाज म्हणजे मागचा गोंगाट समजून कापून टाकी. गडगडाटी माणसाचे त्यावर उत्तम चाले. पत्नीच्या कुजबुजीतून तुकडे तेवढे येत, तेही उशिरा. काही दिवस दुपारी त्या तरीही फोन करत. कानसेन कोठारात उभे राहून "हो" म्हणत. मग फोन येणे थांबले.

ती राहिलेली गोष्ट काय होती, हे त्यांनी घरी पुष्कळदा विचारले. मेहुणीने बहिणीच्या तोंडाशी कान नेऊन ऐकले आणि ओरडून सांगितले, "म्हणते, आठवत नाही. दूधवाल्याचं काहीतरी असेल."

"आठवून बघ म्हणावं."

"म्हणते, तुम्ही हो म्हणा, म्हणजे झालं."

कानाचे यंत्र मिळायला हिवाळा उजाडला. यंत्र बसवणाऱ्या माणसाने सांगितले होते, सवय व्हायला वेळ लागेल, मेंदू विसरलेला असतो. घरी आल्यावर त्यांना पहिल्यांदा स्वतःची चप्पल ऐकू आली. वर्तमानपत्राचे पान उलटले तर ते दचकले.

"हा फ्रिज नेहमीच एवढा बोलतो?" त्यांनी विचारले.

"माझ्याहून कमीच," मेहुणी म्हणाली. ती आता ओरडत नव्हती, पण तिलाही सवय व्हायची होती.

पत्नीचा आवाज तोवर संपला होता. ओठ हलत, त्यातून वारा येई. शिवणयंत्रावर आवरण घातलेले होते. गिळताना ठसका लागे आणि अन्नाचे कण छातीत जात. डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितले की आता प्रत्येक ताप जपायचा. कानसेनांनी रजा काढली आणि पलंगाशेजारी खुर्ची टाकली. पत्नी ओठ हलवत आणि ते "हो" म्हणत नसत. "काय म्हणालीस? पुन्हा सांग," म्हणत. त्या पुन्हा ओठ हलवत. कधी तिसऱ्या वेळी कळे, कधी कळत नसे. एकदा पत्नीने बोटाने खूण करून त्यांचे यंत्र काढायला लावले, हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि स्वतःच्या कानाला लावले. यंत्र शिटी मारायला लागले. त्या हसल्या. हसण्याला आवाज नव्हता. शिटी कानसेनांना ऐकू आली नाही, मेहुणीने सांगितली.

यंत्रातून त्यांना नीट ऐकू येई तो पत्नीचा श्वास. आत जाताना थोडा अडे, बाहेर येताना घरघरे. ते त्याच्याकडे जुन्या सवयीने लक्ष देत. "काल होता त्यापेक्षा मोकळा आहे," सकाळी सांगत. किंवा काहीच सांगत नसत. तळवा त्यांनी कधी छातीवर ठेवला नाही. मेहुणीच्या ते लक्षात आले. आजाऱ्याच्या अंगावरून माणूस हात फिरवतोच. हे खुर्चीत मान तिरकी करून नुसते ऐकत बसत.

शेवटचा ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणे झाली होती, म्हणजे कोणी जेवले नव्हते, ताटे फक्त उचलली होती. मेहुणी स्वयंपाकघरात भांडी घासत होती आणि तिथूनच बोलत होती. डॉक्टर संध्याकाळी येतो म्हणाले होते, त्यांना जिना चढायचा कंटाळा, आले की त्यांना आधी पाणी द्यायला हवे, नाहीतर ते दमलेल्या तोंडाने तपासतात. असे तिचे चालले होते. पत्नीचा श्वास एकदा आत गेला, अडला, बाहेर आला.

कानसेनांनी डावा हात वर केला.

मेहुणीने दारातून पाहिले आणि बोलणे थांबवले. नळ बंद केला. घरात फ्रिज चालू होता. कानसेन डोळे मिटून ऐकत होते. हात बराच वेळ तसाच वर होता.